सीएमवायके पीएसडी फुकटात उघडा, पण काळा सांभाळा

[क्लोजअप: छापलेल्या पत्रिकेतलं एक अक्षर]

नमस्कार. या अक्षराची कड नीट बघा. काळ्याला लागून एक बारीक गुलाबी रेघ दिसते ना? मशीनवर प्रत्येक शाईची वेगळी प्लेट असते, त्या केसभर सरकल्या की अशी रेघ उमटते. पण मजकूर नुसत्या काळ्या शाईत असता तर प्लेट सरकूनही काही दिसलं नसतं. इथे तो सायन, मॅजेंटा, यलो आणि ब्लॅक अशा चारही शायांत छापला गेलाय.

असं होतं कारण डिझायनरची सीएमवायके पीएसडी, म्हणजे या चार शायांत बनवलेली फोटोशॉपची फाईल, मध्येच कुठेतरी आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांतली, होते आणि छपाईसाठी पुन्हा सीएमवायके केली जाते. मूळ फाईलमधला काळा म्हणजे ब्लॅक 100, बाकी तिन्ही शून्य. आरजीबीत गेल्यावर तो एक गडद रंग म्हणून उरतो, कोणती शाई किती ही नोंद पुसली जाते. परत येताना प्रोफाइल, म्हणजे कोणत्या रंगाला कोणती शाई किती हे सांगणारी फाईल, त्याची चार शायांत वाटणी करतं. आरजीबीतला शुद्ध काळा फोटोशॉपच्या नेहमीच्या स्वॉप व्ही2 प्रोफाइलने बदलून बघा: सायन 75, मॅजेंटा 68, यलो 67, ब्लॅक 90. बेरीज 300 टक्के. वर्तमानपत्री कागदाला साधारण 240 च्या पुढे शाई सोसत नाही, ती वाळतच नाही.

म्हणून फाईल उघडली एवढ्यावर खूश होऊ नका.

फुकट मिळणाऱ्या गिंप सॉफ्टवेअरचं 2.8 व्हर्जन अशी फाईल घ्यायचंच नाही. 2025 मध्ये आलेलं 3.0 घेतं, लेयरसकट, पण आत घेतानाच आरजीबी करतं. व्हॉट्सअॅपवर पाठवायला किंवा नुसतं बघायला उत्तम. प्रेसला जाणाऱ्या फाईलसाठी मात्र मी गिंप वापरू नका असंच सांगेन.

[स्क्रीन: क्रिटा]

त्यासाठी क्रिटा, हेही फुकट सॉफ्टवेअर. यात सीएमवायके सीएमवायकेच राहतं. फाईल, ओपन, पीएसडी निवडा. उघडल्याबरोबर खालच्या पट्टीत बघा, तिथे सीएमवायके आणि प्रोफाइलचं नाव दिसलं पाहिजे. फाईलमध्ये प्रोफाइल जोडलेलं नसेल तर सॉफ्टवेअर आपल्या मनाने एक धरतं, आणि रंग वेगळे दिसतात. अशा वेळी प्रेसला विचारा, त्यांची आयसीसी फाईल, म्हणजे त्यांचं प्रोफाइल, मागून घ्या.

आता स्पेसिफिक कलर सिलेक्टर उघडा, मजकुराचा लेयर निवडा, की-बोर्डवर पी दाबा आणि अक्षरावर क्लिक करा. चार पट्ट्यांपैकी फक्त काळी भरलेली हवी. बाकीच्यांतही आकडे असतील तर गडबड तुमच्याकडे यायच्या आधीच झालीय. डिझायनरकडून मूळ फाईल मागवा.

लेयर सगळे दिसले तरी डिझायनरकडून आलेली जेपीजी शेजारी ठेवून ताडून बघाच. अॅडजस्टमेंट लेयर आणि इफेक्ट इथे बऱ्याचदा गळतात किंवा वेगळे दिसतात. स्मार्ट ऑब्जेक्टचं, म्हणजे फोटोशॉपमध्ये आत ठेवलेल्या वेगळ्या फाईलचं, साधं चित्र होतं. मजकुराचा लेयरही चित्र होऊन आला तर अक्षरं बदलता येत नाहीत, पण फाईल श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये असेल आणि तो फॉन्ट तुमच्याकडे नसेल तर हे बरंच म्हणायचं, निदान जोडाक्षरं फुटत नाहीत. सोनेरी फॉइल किंवा यूव्हीच्या चकचकीत लेपासाठी पाचवा चॅनल असेल, तर त्यावर विसंबू नका, त्याची वेगळी फाईल मागा.

काम झालं की टिफ एक्सपोर्ट करा. फ्लॅटन (सगळे लेयर एक करणं) चालू, आयसीसी प्रोफाइल चालू, अल्फा चॅनल (पारदर्शकता) बंद. अल्फा राहिला तर काही प्रेसच्या सिस्टिममध्ये टिफ अडते.

मजकूर बदलायचाच असेल तर क्रिटात मजकुराचा लेयर बंद ठेवून टिफ काढा, ती स्क्रायबस या पानं मांडायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ठेवा आणि मजकूर तिथे नव्याने टाईप करा. व्हर्जन 1.6 घ्या, 1.4 मध्ये देवनागरी जोडाक्षरं तुटतात. स्क्रायबसचा ब्लॅक मुळातच नुसती काळी शाई आहे. कलर मॅनेजमेंट चालू करा, ब्लीड, म्हणजे कापण्यासाठी कडेबाहेर जादा छपाई, 3 मिलिमीटर द्या.

पीडीएफ काढण्याआधी आउटपुट प्रिव्ह्यू उघडा. त्याला घोस्टस्क्रिप्ट नावाचं जोड सॉफ्टवेअर इन्स्टॉल असावं लागतं. सीएमवायके प्रिव्ह्यूवर टिक करा आणि ब्लॅकची टिक काढा.

[स्क्रीन: मजकूर गायब, मागची नक्षी तशीच]

मजकूर असा साफ नाहीसा झाला, तर फाईल प्रेसला पाठवा. पुसटशी अक्षरं उरली असतील, तर परत क्रिटात जा. मजकुराचा लेयर बंद करायचा राहिला असेल.