आठवड्याला किती किलोमीटर?

नमस्कार श्रोतेहो.

पाऊस ओसरला की पहाटे मैदानावर नवे चेहरे दिसायला लागतात. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन जवळ येत असते. दोन-चार दिवस झाले की त्यांतला कुणीतरी हमखास विचारतो, "ताई, आठवड्याला किती किलोमीटर पळायचं?" या प्रश्नाचं उत्तर मी एकदा फार चुकीचं दिलं होतं, आणि तेही स्वतःलाच. तिथूनच सुरुवात करते.

पहिल्या पूर्ण मॅरेथॉनची तयारी चालू होती. आठवड्याला 40 किलोमीटर व्हायचे, आणि मजेत व्हायचे. मग कुणाच्या तरी तक्त्यात 70चा आकडा पाहिला आणि तीन आठवड्यांत मी 70 गाठले. दम लागत नव्हता, झोप छान लागत होती. चौथ्या आठवड्यात डाव्या नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या चार बोटं वर, एक जागा ठणकायला लागली. अंग तापलं की ठणका कमी व्हायचा, म्हणून मी पळत राहिले. एके सकाळी जिना उतरताना पाय टेकवेचना. एमआरआय काढला, तर हाडाला बारीक तडा गेलेला. पुढचे आठ आठवडे पळणं बंद.

असं का होतं, ते समजून घ्या. पळायला लागलं की हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांतच तयार होतात. हाडं आणि स्नायूबंध मात्र महिने घेतात. शिवाय हाडाची एक रीत आहे. भार वाढला की शरीर आधी जुनं हाड पोखरून काढतं आणि मग तिथे नवं भरतं. पोखरणं लवकर उरकतं, भरणीला वेळ लागतो. त्यामुळे मधले काही आठवडे हाड आधीपेक्षाही कच्चं असतं, आणि नेमका त्याच दिवसांत दम इतका चांगला असतो की आणखी पळावंसं वाटतं.

यावर सगळीकडे सांगितला जाणारा उपाय म्हणजे दर आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या संशोधकांनी 532 नवख्या धावणाऱ्यांवर हा नियम तपासला. एका गटाला दहा टक्क्यांचा 13 आठवड्यांचा कार्यक्रम दिला, दुसऱ्या गटाला नेहमीचा 8 आठवड्यांचा. 2008 मध्ये निष्कर्ष आले. दोन्ही गटांत साधारण पाचांतला एक जण जायबंदी झाला होता. म्हणून मी दहाच्या आकड्याला चिकटून राहायला सांगत नाही. माझ्याकडे पळायला शिकणाऱ्या मुलामुलींना मी एकाच आकड्यावर तीन आठवडे मुक्काम करायला लावते. चौथ्या आठवड्यात थोडं कमी, आणि मग पुढची पायरी. हाडाला भरणीसाठी वेळ मिळावा, एवढाच त्यामागचा हेतू.

मोठ्या आकड्यांचं आकर्षण मला कळतं. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला आर्थर लिडियार्ड नावाचा माणूस बुटांच्या कारखान्यात काम करायचा. किती पळावं, हे त्याने वर्षानुवर्षं स्वतःच्या शरीरावर तपासलं. कधी अगदी कमी, तर कधी आठवड्याला 250 मैलांपर्यंत. शेवटी तो 100 मैलांवर, म्हणजे 160 किलोमीटरवर येऊन थांबला. 1960च्या रोम ऑलिम्पिकमध्ये एकाच दुपारी त्याच्या दोन शिष्यांनी सुवर्णपदकं मिळवली, पीटर स्नेलने 800 मीटरमध्ये आणि मरी हॅलबर्गने 5000 मीटरमध्ये. तेव्हापासून लोकांनी 100 मैल उचलले, पण त्याची ती वर्षानुवर्षांची तपासणी कुणी उचलली नाही. मला तर त्याचं खरं काम तेच वाटतं.

आणखी एक हिशेब करून पाहा. किलोमीटरला पाच मिनिटं घेणाऱ्याचे 50 किलोमीटर चार तास दहा मिनिटांत होतात. आठ मिनिटं घेणाऱ्याला तेवढ्यालाच सहा तास चाळीस मिनिटं लागतात. आकडा तोच, पण दुसऱ्याची पावलं हजारोंनी जास्त पडतात. सावकाश पळणाऱ्यांनी म्हणून तास मोजावेत. नोकरी-घर सांभाळून पहिली अर्धमॅरेथॉन करणाऱ्याला 25 ते 40 किलोमीटर पुष्कळ झाले. पूर्ण मॅरेथॉनला 45 ते 60. एवढ्यावर माझ्या डोळ्यांसमोर कितीतरी जण हसतमुखाने शेवटच्या रेषेपर्यंत पोचले आहेत. पण ते किलोमीटर आठवडाभर वाटून घ्या. लोकलच्या धावपळीत पाच दिवस काहीच नाही आणि रविवारी एकदम 28, हे मला पाहवत नाही. रविवारची लांब धाव आठवड्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असावी.

एक साधी वही ठेवा. संध्याकाळी किलोमीटर लिहा. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली दहा पावलं कशी पडली, तेही लिहा. टाच आखडली होती का, पोटऱ्या मोकळ्या होत्या का. आठवड्यातून एकदा अंगठ्याने नडगी वरपासून खालपर्यंत दाबत या. दुखणं लांबवर पसरलेलं असेल तर आठवडाभर निम्म्यावर या. रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी कळ आली, तर त्या दिवशी बूट घालू नका आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. माझ्या वहीत ती कळ सलग नऊ दिवस लिहिलेली आहे. मी फक्त शेजारचा किलोमीटरचा रकाना वाचत होते.

या रविवारी मैदानावर याल, तेव्हा वही घेऊन या. आपण बसून वाचू. नमस्कार.