फायलीची वाट

(केगाव. विद्यापीठाच्या आवारातली सकाळची वर्दळ.)

सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ ला सुरू झालं, तेही एकाच जिल्ह्यासाठी. त्यामुळं करमाळ्याचा असो की अक्कलकोटचा, विद्यार्थी प्रतिनिधी काम घेऊन येतो तो याच कार्यालयात. पुढं तो उच्च शिक्षणातच नोकरीला लागला, तर विद्यार्थी परिषदेतल्या भाषणांपेक्षा त्याला उपयोगी पडते ती इथं कळलेली फायलीची वाट.

अर्ज आवक-जावकला नोंदवून क्रमांक घ्यायचा. मग लिपिकाची टिपणी, अधीक्षक, सहायक कुलसचिव, उपकुलसचिव, कुलसचिव. पैशाचा विषय असला की वित्त विभाग. कागद मध्येच अडतो तो बऱ्याचदा खर्चाचं लेखाशीर्ष, म्हणजे पैसा कुठल्या खात्यातून द्यायचा ते, टिपणीत नसतं म्हणून.

(बैठकीच्या वहीचं पान, जवळून.)

विषय, ठराव, सूचक, अनुमोदक, खाली अध्यक्षांची सही. नुसतं ‘चर्चा झाली’ लिहिलेलं इतिवृत्त वाया गेलं म्हणायचं. रक्कम किती, काम कुणाकडं, कुठल्या तारखेपर्यंत, हे ठरावातच हवं. स्नेहसंमेलनासाठी उचल घेतली असेल तर मंडपवाल्याची पावती त्याच दिवशी घ्यावी. महिन्यानं मागितली की तारीख जुळत नाही, आणि लेखापरीक्षणात त्या खर्चावर आक्षेप येतो.

विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीनं २००६ मध्ये उमेदवाराच्या खर्चाला ५,००० रुपयांची मर्यादा सुचवली आणि निकालानंतर दोन आठवड्यांत हिशेब द्यायला सांगितला. विशीतल्या पोरांसाठी याहून चांगला धडा नाही. महाराष्ट्रात मात्र १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं परिषदेवर गुणांवर नेमणुका आणल्या. २०१६ च्या कायद्यानं निवडणुका परत आणल्या, पण २०१९ चं जाहीर वेळापत्रक विधानसभा निवडणुकीमुळं पुढं ढकललं गेलं. मतं मागायची आणि हरायची सवय त्यामुळं पिढ्यांना लागलीच नाही, ही खरी हानी.

परिषदेतल्या पदानं नोकरीची पात्रता मिळत नाही. सहायक प्राध्यापकाला नेट-सेट ही पात्रता परीक्षा किंवा नियमांप्रमाणे केलेली पीएच.डी. लागते. पण यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत शिक्षकाच्या बढतीसाठी अध्यापनाबरोबर प्रशासकीय आणि विद्यार्थी उपक्रमांतलं कामही मोजतात, आणि बैठक चालवलेला माणूस तिथं गांगरत नाही.

अर्जात ‘सचिव होतो’ एवढंच लिहू नये. किती बैठकांचं इतिवृत्त लिहिलं, किती रकमेचा हिशेब दिला, ते लिहावं. त्या कागदांच्या प्रती पद सोडण्याआधी काढाव्यात. नवी परिषद आली की जुन्या वह्या कपाटात जातात आणि किल्ली कुणाकडं आहे ते कुणालाच सांगता येत नाही.