लाल औषध: डॉक्सोरुबिसिन घेताना

केमोच्या वॉर्डात या औषधाला नावानं फारसं कुणी ओळखत नाही. “आज लाल औषध आहे,” एवढंच म्हणतात. सिरिंजमध्ये भरलेलं दिसतंही तसंच, डाळिंबाच्या रसासारखं. नाव डॉक्सोरुबिसिन. स्तनाच्या कर्करोगात ते बहुधा सायक्लोफॉस्फामाइड या दुसऱ्या केमो-औषधाच्या जोडीनं देतात. शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठफळामागे 60 मिलिग्रॅम, अशा चार सायकल, म्हणजे उपचाराच्या चार फेऱ्या. पृष्ठफळ दीड चौरस मीटर भरलं, तर एका वेळचा डोस 90 मिलिग्रॅम.

आता सिस्टरच्या हातांकडे बघा. सलाईन वाहती ठेवून त्या बाजूच्या पोर्टमधून औषध अगदी सावकाश सोडतायत. मधेच दट्ट्या जरा मागे ओढतात. नळीत रक्त आलं, म्हणजे सुई शिरेतच आहे. एवढी काळजी अशासाठी, की हे औषध शिरेबाहेर झिरपलं तर कातडी आणि खालचं मांस जाळतं, आणि ती जखम भरायला महिने लागू शकतात.

म्हणून आग, चुरचुर किंवा सूज जाणवली की त्याच क्षणी सांगायचं. “सुई म्हटली की दुखायचंच,” म्हणून इथे सोसत बसू नका. कधी कधी आग होतही नाही, म्हणून सोबतच्या माणसानंही सुईच्या जागेवर नजर ठेवावी. शिरेच्या रेषेत नुसते खाजरे लाल पट्टे उठले आणि रक्त नीट मागे येत असेल, तर ती बहुतेक तात्पुरती रिअॅक्शन असते. पण ते ठरवायचं सिस्टरनी, आपण नाही.

औषध झिरपलंच, तर सोडणं लगेच थांबवतात. सुई मात्र लगेच काढत नाहीत. आधी तिच्यातूनच जमेल तेवढं औषध ओढून घेतात. मग सुई काढून, पेनानं कडा आखून, 15 ते 20 मिनिटं थंड शेक देतात. त्या जागी दाब द्यायचा नाही. आपल्याकडे सूज दिसली की पिशवी गरम करायला धावतात. या औषधाला गरम शेक चालत नाही. यावर डेक्सराझॉक्सेन हे उतारा-औषध आहे. ते दुसऱ्या हातातून, पहिल्या 6 तासांच्या आत सुरू करावं लागतं.

घरी गेल्यावर लघवी लाल होते. ते रक्त नाही, औषधाचा रंग आहे; एकदोन दिवसांत जातो. उलटीची औषधं मात्र उलटी व्हायच्या आधीच, लिहून दिलेल्या वेळेला घ्यायची. केस दोनतीन आठवड्यांनी गळू लागतात आणि उपचार संपल्यावर बहुतेकांचे परत येतात. तोंड येतं, तेव्हा मऊ ब्रश आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. तिखट बंद.

डोसनंतरचा दहावा ते चौदावा दिवस कॅलेंडरवर आताच खूण करून ठेवा. रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी साधारण तेव्हा सर्वांत कमी होतात. या काळात ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला, तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघायची नाही. गोळीनं ताप उतरतो, जंतुसंसर्ग आत वाढत राहतो. रात्रीचे दोन वाजले असले तरी इमर्जन्सीत जायचं आणि दारातच सांगायचं, “केमो चालू आहे.” अँटिबायोटिक पहिल्या तासात शिरेतून सुरू व्हायला हवं.

हे औषध हृदयालाही इजा करू शकतं, आणि ते दुखणं उशिरा कळतं, कधी कित्येक वर्षांनी. म्हणून पहिल्या डोसआधीच टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात. जिना चढताना धाप लागणं, आडवं झालं की श्वास कोंडणं, घोट्यांना सूज येणं, यांतलं काहीही अशक्तपणावर ढकलू नका. या औषधाची आयुष्यभराची बेरीज मोजली जाते. ती साधारण 450 ते 550 मिलिग्रॅम प्रति चौरस मीटरच्या पुढे नेत नाहीत, आणि छातीला रेडिएशन मिळालं असेल तर मर्यादा आणखी खाली येते. चार सायकलींचे 240 होतात. पहिल्या सायकल मुंबईत आणि उरलेल्या गावाजवळच्या दवाखान्यात घ्यायच्या असतील, तर तोवर किती डोस झाला, तो आकडा डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. पाच वर्षांनी पुन्हा केमोची वेळ आली, तर डॉक्टर पहिल्यांदा तोच आकडा विचारतील.