निपाणीची सुटलेली वेलांटी

(खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, ही सीडी बघा. आमच्या संमेलनाची २००३ सालची स्मरणिका हिच्यात आहे, ११२ पानांची. तिच्यात जात्यावरच्या ओव्या आहेत, याच पट्ट्यातल्या म्हाताऱ्यांकडून मी वहीत उतरवून घेतलेल्या. वही पुढं पावसात गेली. गेल्या वर्षी ओव्या पुन्हा छापायचं ठरलं, तेव्हा सीडी घेऊन शहापुरातल्या डीटीपीवाल्याकडे गेलो. एकाच टेबलावर कानडी लग्नपत्रिका आणि मराठी श्रद्धांजलीचं पत्रक लावणारा माणूस. त्यानं कशीबशी फाईल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, टोप्या घातलेले ए, मधेच टक्क्याची खूण. म्हणाला, "सर, मजकूर हाय की आत, वाचाय येईना झालाय नुसता."

झालं होतं असं. जुन्या फॉण्टमध्ये कुठल्यातरी इंग्रजी अक्षराच्या जागी 'क'चं चित्र बसवलेलं असायचं. आपल्याला दिसायचा क, संगणकाच्या लेखी ते इंग्रजी अक्षरच. आणि कुठल्या जागी क, कुठल्या जागी ख, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. भारतीय मानक ब्युरोनं १९९१ साली लिपीसाठी एक सामायिक संकेत ठरवून दिला होता, त्याच वर्षी युनिकोडची, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना एकेक ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीची, पहिली आवृत्तीही आली. आज युनिकोडमध्ये 'क'चा क्रमांक २३२५, मग फॉण्ट कुणाचाही असो. पण डीटीपीच्या दुकानात कित्येक वर्षं ज्याचा त्याचा फॉण्ट चालला. एकदा एकाचा घेतला की गिऱ्हाईक त्याच्याच दावणीला.

बरं, मूळ प्रोग्राम तरी चालवावा? तो त्या डीटीपीवाल्यानं रोख पैसे मोजून घेतलेला, पावतीसकट. त्याबरोबर डोंगल आला होता, काडेपेटीएवढा ठोकळा. तो प्रिंटरच्या खाचेत खोचल्याशिवाय प्रोग्राम उघडायचा नाही. ठोकळा अजून ड्रॉवरमध्ये आहे. नव्या संगणकाला ती खाचच नाही. शेजारच्या दुकानात मात्र त्याच प्रोग्रामची कुलूप फोडलेली प्रत वर्षानुवर्षं बिनघोर चालत होती. चोरासाठी लावलेल्या कुलपात घरमालक अडकला म्हणायचं.

मी लेखक माणूस, कॉपीराइटच्या विरुद्ध नाही. माझी पुस्तकं कुणी झेरॉक्स करून विकली तर मी भांडेनच. आपला १९५७चा कायदा तसा समजूतदार आहे. ५२व्या कलमाप्रमाणे कायदेशीर प्रत घेतलेल्याला प्रोग्रामची राखीव प्रत करता येते. दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून घ्यायला लागणारी माहिती सहजी मिळत नसेल, तर ती शोधून काढायचीही मुभा आहे. २०१२च्या दुरुस्तीनं कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली, पण हक्क बुडवायचा हेतू असेल तरच. म्हणजे कायदा आमच्या बाजूनं. पण कायद्यानं डोंगल थोडाच चालतो? आणि गंमत अशी, की ओव्या काही त्या फॉण्टवाल्याच्या नव्हेत. माझ्याही नव्हेत खरं तर.

हे फक्त आपल्यासारख्या आडगावच्या लोकांचं होतं असं समजू नका. मायक्रोसॉफ्टनं २०१९ साली आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, आणि लोकांनी विकत घेतलेली पुस्तकंही उघडेनाशी झाली. पैसे परत दिले, हे कबूल केलं पाहिजे. ज्यांनी समासात टिपणं केली होती त्यांना वर २५ डॉलर. टिपणांचा भाव २५ डॉलर! आपल्या या वाचनालयातल्या जुन्या पुस्तकांत लोकांनी पेन्सिलीनं केलेल्या खुणा अजून आहेत, आणि त्यासाठी ग्रंथपालबाईंनी दंडही घेतलेला आहे. माझ्याकडूनसुद्धा.

असो. शेवटी एका पोरानं फॉण्ट बदलायचं साधन शोधून मजकूर त्यातून काढला. त्यात 'निपाणी'चं झालं 'िनपाणी'. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकायची, युनिकोडमध्ये ती नंतर येते. त्यामुळे बिचारी वेलांटी शब्दाच्या दारात एकटीच उभी. रफार भलत्याच अक्षरावर, जोडाक्षरांच्या जागी चौकोन. तो नाद सोडला आणि माझ्या भाचीनं छापील स्मरणिका समोर ठेवून सगळ्या ओव्या मोबाईलवर नव्यानं टंकल्या.

त्या छापील प्रतीच्या ४३व्या पानाला वाळवी लागली आहे. माहेरच्या वाटेवरची एक ओवी अर्धीच उरली. सांगणारी आजी जाऊन आठ वर्षं झाली. बाकी अर्धी ओवी या सीडीत आहे, चौकोन होऊन.