बातमीतलं नाव

(जिल्हा पातळीवरच्या नव्या पत्रकारांसमोर केलेलं व्याख्यान, शब्दांकन करून)

मित्रांनो, मी सोबत एक कात्रण आणलंय. जुनं आहे, कागद पिवळा पडलाय. सिंगल कॉलम, अकरा ओळी, आतल्या पानावर खालच्या बाजूला. मी तेव्हा डेस्कवर होतो आणि ही बातमी माझ्याच हाताखालून गेली. सातवीतल्या मुलीवर अत्याचार, गावातल्याच एकाला अटक, एवढीच बातमी. मुलीचं नाव नव्हतं. वार्ताहरानं पाठवलेल्या मजकुरात होतं, ते मी काढलं आणि पान छपाईला सोडलं, रात्री शांत झोपलोही. पण बातमीत काय राहिलं होतं बघा. गावाचं नाव, सातवीत शिकते हे, आणि वडील पोस्टात कामाला आहेत हे. त्या गावात पोस्टात काम करणारा माणूस एकच होता.

दोन दिवसांनी तो माणूस ऑफिसात आला. पेपर चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवलेला. आरडाओरडा काही नाही. टेबलावर पेपर उलगडला, त्या अकरा ओळींवर बोट ठेवलं आणि म्हणाला, साहेब, नाव नाही टाकलंत, मग उरलं काय? माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या मुलीची शाळा सुटली, घर गाव सोडून गेलं. गुन्हा करणारा वेगळाच होता, पण तिचं गाव तिच्यापासून तोडायला माझ्या त्या अकरा ओळीही कारणीभूत होत्या, हे मी आजही नाकारू शकत नाही.

म्हणून आज पत्रकारितेच्या कायद्यावर आणि नीतीवर बोलायला बोलावलंय तर मी सगळं बोलणार नाही, एका गोष्टीवरच बोलणार आहे, ती म्हणजे नाव. कुणाचं छापायचं, कुणाचं लपवायचं, कुणाचं तपासून घ्यायचं. माझ्या अनुभवात आपल्या धंद्यातले बहुतेक कायदे शेवटी नावापाशीच येऊन थांबतात.

आता कायदा काय म्हणतो ते. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आपल्याकडे १९८३ पासून आहे, तेव्हा भारतीय दंड संहितेत कलम २२८-अ घातलं गेलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिथं ते कलम ७२ आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण आकड्यांपेक्षा शब्द नीट वाचा. कायदा फक्त नाव म्हणत नाही, नाव किंवा ज्यानं ओळख पटू शकेल अशी कोणतीही गोष्ट, असं म्हणतो. मी नाव काढलं आणि कायदा पाळला असं समजून बसलो. नव्हता पाळला.

मूल असेल तर पोक्सो कायदा, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा, २०१२ चा. त्याच्या कलम २३ मध्ये तर यादीच दिलीय: नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाचा तपशील, शाळा, आजूबाजूचा परिसर, किंवा ओळख पटेल असं इतर काहीही. शिक्षा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. आणि तुमच्या चुकीला प्रकाशक किंवा मालकही जबाबदार धरला जातो. ही यादी कागदावर लिहून डेस्कवर चिकटवून ठेवा, मी ठेवली होती, तीही त्या बापाच्या भेटीनंतर.

इथं थोडं थांबतो कारण खरी चूक इथंच होते. आपण बातमी शहरातल्या वाचकाच्या डोळ्यांनी तपासतो. शहरातल्या वाचकाला 'एका गावातील पोस्ट कर्मचाऱ्याची मुलगी' यातून काहीच कळत नाही. पण ओळख पटवणारा वाचक शहरात नसतोच, तो त्याच गल्लीत, त्याच शाळेच्या पटांगणात असतो, त्याला निम्मं आधीच माहीत असतं आणि उरलेलं निम्मं आपण देतो. म्हणून पान सोडण्याआधी ती बातमी त्या गावातल्या माणसाच्या नजरेनं एकदा वाचायची. शिवाय आपला पेपर एकटा नसतो. एकानं गावाचं नाव दिलं, दुसऱ्यानं वय आणि इयत्ता दिली, तिसऱ्यानं घराचा लांबून घेतलेला व्हिडिओ दाखवला, चेहरा ब्लर करून. कुणीच नाव दिलं नाही आणि तरी सगळ्यांनी मिळून दिलं.

याच्यातला सगळ्यात अवघड भाग आरोपीच्या नावाचा. आरोपी सावत्र बाप असेल, काका असेल, तर आरोपीचं नाव टाकलं की मुलीचं नाव टाकल्यासारखंच आहे. अशा वेळी दोनच वाटा राहतात. नातं लिहायचं असेल तर आरोपीचं नाव आणि गाव दोन्ही जाणार, आणि आरोपीचं नाव लिहायचंच असेल तर नातं जाणार. त्यातही मी म्हणेन पहिली वाट धरा, कारण आडनावावरून लोक नातं काढतातच. मला माहितीये रिपोर्टरचा जीव तुटतो, नराधमाचं नाव का लपवायचं म्हणून. आपण त्याला वाचवत नसतो. त्याचं नाव एफआयआरमध्ये आहे, कोर्टात आहे, खटला चालायला आपल्या पेपरात ते असण्याची गरज नाही.

आणि एक, 'मुलगी गेली, आता काय लपवायचं' हा युक्तिवाद मी न्यूजरूममध्ये खूपदा ऐकलाय. जम्मूतल्या कठुआत एका लहान मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला, त्या प्रकरणात २०१८ मध्ये देशभर त्या चिमुकलीचं नाव आणि फोटो फिरले, आणि दिल्ली हायकोर्टानं बारा माध्यमसंस्थांना प्रत्येकी १० लाख रुपये पीडितांच्या भरपाई निधीत भरायला लावले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निपुण सक्सेना प्रकरणात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं की पीडिता हयात नसली तरी, नातेवाइकांनी परवानगी दिली तरी, ओळख उघड करायची नाही, तशी खरंच गरज असेल तर सत्र न्यायाधीशांनी ठरवायचं. म्हणजे बाहेर उभ्या असलेल्या सुन्न झालेल्या आईसमोर माईक धरून 'नाव टाकू का' असं विचारून सुटता येत नाही. सज्ञान पीडितेनं स्वतः लेखी परवानगी दिली तर गोष्ट वेगळी, तो तिचा हक्क आहे.

गुन्हा मुलाच्या हातून झाला असेल तरी नाव नाही. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४. यात आरोपी मूल, पीडित मूल आणि साक्षीदार मूल तिघंही येतात. लोकांचा संताप असतो, व्हॉट्सॲपवर फोटो फिरत असतो, आणि 'सगळीकडे आहेच की' म्हणून आपणही टाकतो. सगळीकडे आहे हा कोर्टात बचाव होत नाही.

बरं, आता सज्ञान आरोपी. इथं क्राईम बीटवाल्यांचा, म्हणजे गुन्ह्यांच्या बातम्या करणाऱ्यांचा, एक पक्का गैरसमज आहे, पोलिसांनी सांगितलं म्हणजे आपण मोकळे. नाही हो. कोर्टात जे घडलं त्याच्या खऱ्या वृत्तांताला बदनामीच्या कायद्यात संरक्षण आहे, पण पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात चहा पिताना मिळालेली माहिती म्हणजे कोर्टाचं कामकाज नाही. फौजदारी बदनामी आपल्याकडे अजून गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम ३५६, दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं हा गुन्हा घटनेत बसतो असं ठरवलं, माझं व्यक्तिगत मत विचाराल तर पत्रकाराला बदनामीसाठी जेलमध्ये टाकणं चूक आहे, पण कायदा आहे तोवर आहे. आणि त्यात नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकहितासाठी छापलेलं असावं लागतं. हे खूप जणांना माहीत नसतं. एखाद्याच्या घरातलं भांडण शंभर टक्के खरं असेल, पण ते छापण्यात लोकांचं हित कुठलं, हा प्रश्न कोर्ट विचारणार.

म्हणून भाषा सांभाळायची. 'चोरट्याला पकडले' नाही, 'चोरीच्या संशयावरून अटक'. 'गुन्हा दाखल झाला' आणि 'गुन्हा केला' यात दोन शब्दांचा फरक आहे आणि एका माणसाच्या आयुष्याचा. ओळख परेड, म्हणजे साक्षीदारानं आरोपीला ओळखून दाखवणं, व्हायची असेल तर आरोपीचा चेहरा छापूच नका, नाहीतर साक्षीदारानं त्याला गुन्ह्याच्या जागी पाहिलं की आपल्या पेपरात, हे वकील पहिल्या पाच मिनिटांत विचारतो आणि केस तिथंच लंगडी होते.

चुकीच्या नावाचं, चुकीच्या चेहऱ्याचं काय होतं याचं उदाहरण पुण्याच्याच कोर्टातलं आहे. २००८ मध्ये एका इंग्रजी वृत्तवाहिनीनं गाझियाबादच्या भविष्य निर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत एका न्यायमूर्तींच्या जागी न्या. पी. बी. सावंत यांचा फोटो दाखवला. दोघांची नावं ऐकायला सारखी, सावंत आणि सामंता. फोटो पंधरा-एक सेकंद पडद्यावर. सावंत म्हणजे सुप्रीम कोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती, वृत्तपत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलचे माजी अध्यक्ष. २०११ मध्ये पुण्याच्या कोर्टानं १०० कोटींची भरपाई ठरवली. रक्कम अवाढव्य आहे, ती योग्य की अयोग्य यावर वाद होऊ शकतो, माझं म्हणणं वेगळं आहे. सावंत कोर्टात जाऊ शकले. ज्या रिक्षावाल्याचा, ज्या शिक्षिकेचा फोटो आपण नामसाधर्म्यामुळे लावतो ते कुठं जाणार? म्हणून पूर्ण नाव, वय, पत्ता, सगळं जुळवायचं, फेसबुकवरून फोटो उचलायचा नाही.

तपासण्याचं म्हणाल तर आपल्याकडचा सगळ्यात मोठा धडा १८८२ चा आहे. कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्यावर आरोप करणारा मजकूर 'केसरी' आणि 'मराठा'त आला, आधार म्हणून पत्रं होती, आणि ती पत्रं बनावट निघाली. टिळक आणि आगरकर, दोघंही डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस. हेतू शुद्ध होता, छत्रपतींचा छळ होतोय अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. पण कागद खोटा होता. आपल्याला तो तुरुंगवास अभिमानानं सांगितला जातो, सांगावाच, पण पत्रकार म्हणून मला त्यातलं ते पत्र जास्त आठवतं. इतकी मोठी माणसं कागदाला फसली. तुमच्याकडे आलेला स्क्रीनशॉट, तुमच्याकडे आलेली ऑडिओ क्लिप तेच पत्र आहे. कुणी दिलं, आत्ताच का दिलं, मूळ कुठं आहे, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला फोन लावला का. संध्याकाळी साडेसातला लावून 'संपर्क होऊ शकला नाही' लिहायचं याला फोन लावणं म्हणत नाहीत.

आता जे नाव आपण द्यायचंच नाही ते, सूत्राचं. याबाबत कायदा आपल्या बाजूनं फारसा नाही हे स्पष्ट सांगतो. प्रेस कौन्सिल कायद्यात, १९७८ च्या, कौन्सिल पत्रकाराला सूत्र सांगायला भाग पाडू शकत नाही असं आहे, पण ते फक्त कौन्सिलपुरतं. कोर्टात तसं वेगळं संरक्षण देणारा कायदा नाही, कायद्यात बदल सुचवणाऱ्या विधी आयोगानं १९८३ मध्ये शिफारस केली होती, ती तशीच राहिली. त्यामुळे 'तुमचं नाव येणार नाही' हा शब्द देण्याआधी विचार करा, तुम्ही तो किती ताणाखाली पाळू शकाल. आणि नाव नुसतं ओठातून जात नाही. ऑफिसातला कारकून तुम्हाला एक कागद देतो, तुम्ही त्याचा फोटो जसाच्या तसा छापता, त्यावर आवक क्रमांक असतो, कोपऱ्यात कुणाच्या तरी पेनची खूण असते, पंचिंगची दोन भोकं असतात. साहेबाला दहा मिनिटांत कळतं की कागद कुठल्या टेबलावरून बाहेर गेला. तुम्ही कुणाचं नाव घेतलं नाहीत, आणि त्या माणसाची बदली झाली. कागदातली माहिती वापरा, कागद छापू नका. फोनमध्येही त्याचा नंबर 'तहसील सूत्र' म्हणून सेव्ह करू नका, मी केलेला पाहिलाय.

पैसे घेऊन छापलेल्या बातमीबद्दल मी लांबण लावत नाही. २००९ च्या विधानसभेला आपल्या राज्यात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, प्रेस कौन्सिलच्या उपसमितीनं त्यावर अहवालही केला. जाहिरातीचं टार्गेट आणि बातमी एकाच वार्ताहराच्या गळ्यात बांधलं की काय होतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या गळ्यात ते आहे. जाहिरात असेल तर वर जाहिरात लिहा, यापुढे मला काही सांगायचं नाही.

शेवटचं, चूक झाल्यावर. होणार, रोज रात्री अकराला पान जातं तिथं होणारच. पण पहिल्या पानावर तीन कॉलम अटकेची बातमी लावली आणि माणूस चार वर्षांनी निर्दोष सुटला, तर ती बातमी आपण घेतच नाही, किंवा संक्षिप्त मध्ये दोन ओळी. गूगलवर त्याच्या नावापुढे अटकच राहते. त्याच्या मुलीचं लग्न ठरताना कुणीतरी तेच उघडतं. म्हणून तुमच्या बीटवरच्या अटकेच्या मोठ्या बातम्यांची एक वही ठेवा, तारीख, केस नंबर, कोर्ट, आणि दर दोन-तीन महिन्यांनी कोर्टाच्या वेबसाइटवर केस कुठं पोचली ते बघा. वेबवर जुन्या बातमीच्या वरच निकाल लिहायला सांगा. संपादक म्हणतील जागा नाही. परत मागा.

आता प्रश्न घेऊ. ते कात्रण मी टेबलावर ठेवतोय, बघायचं असेल त्यांनी बघा. त्यात गावाचं नाव, 'सातवीत' आणि 'पोस्टात' या तीन जागी काळा मार्कर फिरवलेला दिसेल. तो मी काल रात्री फिरवलाय.