"आम्ही कामगार थोडेच, सर?"

नमस्कार श्रोतेहो. मी नाशिकच्या एका महाविद्यालयात वाणिज्य शिकवतो. गेल्या पावसाळ्यात सकाळच्या तासाला दुसऱ्या बाकावरचा एक मुलगा रोज पेंगायचा. एकदा त्याला बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा त्यानं सॅकमधून छोटी वही काढून पुढे धरली. रात्री कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर या पट्ट्यात तो अ‍ॅपवरून येणाऱ्या जेवणाच्या ऑर्डरी पोचवतो. वहीत आदल्या रात्रीचा हिशेब होता: मिळाले 540, पेट्रोल 160, पंक्चर 50, वडापाव 20, उरले 310. कडेला पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'एक ऑर्डर कमी पडली, इन्सेन्टिव्ह गेला.'

घसारा हा धडा मी दरवर्षी शिकवतो. पण त्या वहीत टायरची झीज नव्हती, सर्व्हिसिंग नव्हतं, गाडीचा हप्ता नव्हता. ते सगळं धरलं तर 310 सुद्धा उरत नाहीत. आम्ही दोघांनी बसून तो हिशेब मांडला. तो बराच वेळ काही बोलला नाही.

त्यानं काम सोडावं, असं मी म्हणणार नाही. सुरगाणा, पेठ, कळवणहून इथं शिकायला येणाऱ्या पोरांना खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे चुकत नाहीत, आणि कांद्याला भाव नसला की घरून काही येत नाही. राबून शिकणं आपल्याला नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली तीच या श्रद्धेवर, आणि 'कमवा आणि शिका' योजनेत आजही मुलं महाविद्यालयात काम करतात. पण तिथं काम देणाऱ्याला ठाऊक असतं, की हा विद्यार्थी आहे. अ‍ॅपला ते ठाऊक नसतं. रात्री आठ ते अकरा ऑर्डरी जोरात, पाऊस असला तर आणखी जोरात, आणि अभ्यासाची वेळही तीच. परीक्षेच्या आठवड्यात लॉगइन केलं नाही, तर त्या आठवड्याची कमाई शून्य.

सामाजिक सुरक्षा संहिता 2020 मध्ये मंजूर झाली आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिच्यात गिग कामगार हा शब्द आहे, म्हणजे कायमची नोकरी नसलेला, कामागणिक पैसे मिळवणारा, या मुलासारखा. अ‍ॅपवाल्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम या कामगारांच्या निधीत भरायची आहे. अपघात, आजारपण यांसाठीच्या योजना त्यातून व्हायच्या आहेत. पण त्या मिळायच्या तर आधी नोंदणी हवी. वय 16 पूर्ण असलं की ई-श्रम या केंद्र सरकारच्या कामगार नोंदणीच्या पोर्टलवर ती करता येते.

वर्गात विचारलं, कुणी नोंदणी केली आहे? एकही हात वर आला नाही. एक मुलगी म्हणाली, "आम्ही कामगार थोडेच, सर? आम्ही स्टुडंट." कंपनी त्यांना पार्टनर म्हणते आणि आम्ही हजेरीपटावर गैरहजर लिहितो. खरं तर आमच्या प्रवेश अर्जात 'काम करता का, रोज किती तास?' एवढा एक रकाना हवा होता. तो नाही, ही चूक आम्हा शिक्षकांची आहे.

म्हणून गेल्या शनिवारी कॉम्प्युटर लॅब उघडून बसलो. पालकहो, आधारला जोडलेला मोबाइल मुलांजवळ असू द्या, ओटीपी त्यावरच येतो. आमच्याकडे दोघांचे नंबर वडिलांचे निघाले, आणि वडील शेतात, रेंज नाही. त्या दोघांची नोंदणी येत्या शनिवारी करणार आहोत.