आजींची ओवी आणि पस्तीस टक्के

(टोरोंटो परिसरातील मराठी मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी.

इथे बसलेल्यांपैकी जुन्या लोकांना आठवत असेल, वीसएक वर्षांपूर्वी रविवारी सकाळी साडेसातला एका कम्युनिटी रेडिओवर आपला अर्ध्या तासाचा मराठी कार्यक्रम लागायचा. आम्ही तिघी तो चालवायचो. शनिवारी रात्री मुलं झोपली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॅसेट आणि सीडी पसरून बसायचं, पाच गाणी निवडायची, मधलं बोलणं लिहायचं. त्याबरोबर एक तक्ता भरावा लागे. प्रत्येक गाण्यासाठी एक ओळ: नाव, गायक, मिनिटं-सेकंद आणि शेवटी चार छोटे चौकोन. एम, ए, पी, एल.

'एम' म्हणजे संगीत कॅनडातल्या माणसाचं. 'ए' म्हणजे गाणारा किंवा वाजवणारा कॅनडातला. 'पी' म्हणजे ध्वनिमुद्रण कॅनडात झालेलं किंवा गाणं इथेच प्रत्यक्ष सादर होऊन प्रसारित झालेलं. 'एल' म्हणजे शब्द कॅनडातल्या माणसाचे. साधारणपणे चारातले दोन चौकोन भरले की ते गाणं 'कॅनेडियन'. चारही अक्षरं जोडली की 'मेपल' होतं, या देशाच्या झेंड्यावरचं पान.

सुरुवातीचे काही महिने आमच्या तक्त्यातले सगळे चौकोन कोरे. गाणी सगळी मुंबई-पुण्याची. मग एके दिवशी स्टेशनवरच्या बाईंनी आम्हाला बसवून शांतपणे समजावलं. इंग्रजी स्टेशनांना लोकप्रिय संगीतात ३५ टक्के गाणी कॅनेडियन लावावी लागतात. आपल्यासारख्या इतर भाषांच्या कार्यक्रमांना सवलत आहे, फक्त ७ टक्के. म्हणजे तुम्हाला दोन आठवड्यांतून निदान एक गाणं तरी इथलं लावायला हवं. आहे का तुमच्याकडे?

नव्हतं. निदान आम्हाला माहीत असलेलं एकही नव्हतं.

तेव्हा आपल्या एका सभासदाच्या आई मुलाकडे कायमच्या राहायला आल्या होत्या. साताऱ्याकडच्या. सगळे त्यांना आजीच म्हणायचे. त्यांना जात्यावरच्या ओव्या येतात असं कुणीतरी म्हणालं, आणि आम्ही त्यांच्या तळघरात टेपरेकॉर्डर घेऊन गेलो. घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसची घरघर माइकमध्ये येत होती म्हणून फर्नेस तासभर बंद केला. जानेवारीचे दिवस, सगळे स्वेटर घालून बसलेले. भिंतींना गोधड्या टांगल्या. आणि आजी गप्प. दोन शब्द म्हणायच्या आणि थांबायच्या. "हात रिकामा असला की ओवी येत नाही गं," म्हणाल्या. मग त्यांच्या सुनेने वरून पोळपाट आणला, गालिच्यावर पालथा घातला. आजींनी मांडी घातली, उजवा हात पोळपाटाच्या कडेवर ठेवला आणि तो गोल फिरवायला लागल्या. चार-पाच फेऱ्या झाल्या आणि सूर लागला. माहेरच्या ओव्या झाल्या, भावाच्या झाल्या, विठ्ठलाच्या झाल्या, आणि मग एक आली ती आम्ही कुणीच ऐकलेली नव्हती:

पांढऱ्या बर्फावरी उमटे लहान पाऊल
माझ्या नातीला लागली गं साळंची चाहूल

ती त्यांनी त्याच आठवड्यात रचली होती. सकाळी खिडकीत उभ्या राहून नातीला स्कूल बसकडे जाताना बघत असत, तेव्हा.

त्या शनिवारी तक्ता भरताना माझा हात थबकला. 'ए' भरायचा, आजी इथल्या रहिवासी होत्या. 'पी' भरायचा, मुद्रण इथल्याच स्कारबरोच्या तळघरात झालं होतं. आणि 'एल' सुद्धा. चाल परंपरेची म्हणून 'एम' कोरा सोडला. चारात तीन. साठी ओलांडलेली, इंग्रजी न येणारी, सातारा जिल्ह्यातली बाई या देशाच्या कागदावर रीतसर कॅनेडियन कलाकार झाली होती. तेव्हापासून मला या नियमाबद्दल कुतूहल आहे आणि मनापासून आदरही आहे. आज त्याबद्दलच बोलायचं आहे, कारण आपल्या मुलांच्या हातातल्या पडद्याबद्दल आपण जे रोज बोलतो, त्यावर या देशाने शंभर वर्षं डोकं चालवलेलं आहे.

आपण भारतातून आलो की कॅनडा आणि अमेरिका आपल्याला सारखेच वाटतात. तीच भाषा, तशाच गाड्या, तेच मॉल. इथल्या लोकांना हीच धास्ती पहिल्यापासून आहे. बहुतेक वस्ती सीमेला लागून, आणि रेडिओच्या लहरी काही पासपोर्ट दाखवून येत नाहीत. १९२० च्या दशकात इथल्या घरांत ऐकले जाणारे बहुतेक कार्यक्रम अमेरिकेतून येत. सरकारने नेमलेल्या एअर्ड आयोगाने १९२९ साली तेच लिहिलं: घरातली तरुण मुलं परक्या विचारांवर वाढतायत, देशाचं स्वतःचं प्रसारण हवं. ग्रॅहम स्प्राय हा तरुण कार्यकर्ता त्यासाठी झटत होता. त्याचं म्हणणं सरळ होतं, एक तर शासनाने रेडिओ हाती घ्यावा, नाहीतर तो अमेरिकेच्या हाती जाईल. १९३६ साली सीबीसी ही राष्ट्रीय प्रसारण संस्था उभी राहिली ती या खटपटीतून. पुढे १९६९ मध्ये पंतप्रधान पियेर ट्रुडो यांनी वॉशिंग्टनमध्ये जाऊन सांगितलं की तुमच्या शेजारी राहणं म्हणजे हत्तीच्या शेजारी झोपणं आहे. तो कितीही मायाळू असला तरी त्याने जरा अंग हलवलं की आम्हाला कळतं.

गाण्यांचा नियम आला जानेवारी १९७१ मध्ये, तेव्हा ३० टक्क्यांचा. त्याआधी नील यंग, जोनी मिचेल यांच्यासारख्यांना नाव करायला कॅलिफोर्निया गाठावं लागलं होतं. रेडिओवाल्यांनी कडाडून विरोध केला. इतकी चांगली गाणी आहेतच कुठे, श्रोते पळून जातील, असं त्यांचं म्हणणं. नियम आला तेव्हा काहींनी पळवाट काढली: कॅनेडियन गाणी पहाटे किंवा रात्री उशिरा, कुणी ऐकत नसताना, एकामागोमाग लावून मोकळं व्हायचं. बीव्हर हा कॅनडाचं प्रतीक असलेला प्राणी, म्हणून लोक त्या वेळेला 'बीव्हर अवर' म्हणू लागले. पण सीआरटीसी या नियामक संस्थेचे अध्यक्ष पियेर जुनो मागे हटले नाहीत. गाणी लागायलाच हवीत म्हटल्यावर ती कुणीतरी करायला हवीत, करायची तर स्टुडिओ हवेत, वादक हवेत, कंपन्या हव्यात. हे सगळं इथे उभं राहिलं. इथले संगीत पुरस्कार 'ज्युनो' म्हणून ओळखले जातात, ते याच जुनो यांच्या नावावरून. सरकारी अधिकाऱ्याच्या नावाने गायक-वादकांनी पुरस्कार ओळखावा, असं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

नियमाने घोटाळेही केले. ब्रायन ॲडम्स इथला मोठा गायक, पण १९९१ च्या त्याच्या अल्बममधली गाणी परदेशी साथीदाराबरोबर लिहिलेली, म्हणून ती कॅनेडियन ठरेनात. मोठा वाद झाला, पुढे नियम दुरुस्त झाला. मला हे चांगलं लक्षण वाटतं. नियम माणसांसाठी होता, म्हणून माणसांकडे बघून बदलला. क्वेबेकमधल्या फ्रेंच स्टेशनांवर तर सीआरटीसीने लोकप्रिय संगीतात ६५ टक्के फ्रेंच गाण्यांचा नियम चालू ठेवला आहे, आणि माँट्रियलला जाऊन आलेल्यांना मी सांगायला नको की तिथली विशीतली मुलं आपल्या भाषेतली नवी गाणी तोंडपाठ म्हणतात.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवता येणार नाही. आपली संस्कृती अमेरिकेपासून वाचवू पाहणाऱ्या याच देशाने इथल्या मूळ रहिवाशांच्या मुलांना आईबापांपासून तोडून निवासी शाळांत कोंडलं आणि मातृभाषा बोलली म्हणून मारलं. हे १९९० च्या दशकापर्यंत चालू होतं. म्हणून संस्कृतिरक्षणाचा शब्द कुणी उच्चारला की मी आधी विचारते: कुणाची संस्कृती, आणि वाचवायचं ते कुणाचं तोंड बंद करून?

त्यामुळे मला सगळ्यात जवळची वाटते ती इग्लूलिकची गोष्ट. हे अगदी उत्तरेकडचं इनुइट लोकांचं गाव, बेटावरचं, तेव्हा काही शेकड्यांची वस्ती. सत्तरच्या दशकात उपग्रहावरून टीव्ही गावोगाव पोचायला लागला. कार्यक्रम सगळे दक्षिणेकडचे. त्यांच्या इनुक्टिटुट भाषेत काहीच नाही. गावाने मतदान घेतलं आणि टीव्ही नको म्हणून सांगितलं. काही वर्षांनी पुन्हा मतदान, पुन्हा नकार. विचार करा, हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवत नाही, बाहेर कडाक्याची थंडी, करमणुकीचं दुसरं साधन नाही, आणि लोक म्हणतात, ज्यात आमची भाषा नाही ते घरात नको. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला इनुइटांची स्वतःची प्रसारण संस्था उभी राहिली, इनुक्टिटुटमध्ये कार्यक्रम सुरू झाले, तेव्हा गावाने दार उघडलं.

त्याच गावातला एक तरुण, झकारायस कुनुक. दगडात कोरीवकाम करायचा. १९८१ मध्ये तो माँट्रियलला गेला, आपल्या मूर्ती विकल्या आणि त्या पैशातून व्हिडिओ कॅमेरा घेऊन गावी परतला. म्हाताऱ्यांच्या आठवणी, शिकारी, जुन्या कथा चित्रित करत राहिला. वीस वर्षांनी, २००१ साली, त्याने दिग्दर्शित केलेल्या, संपूर्ण इनुक्टिटुट भाषेतल्या चित्रपटाला कान महोत्सवात पदार्पणाच्या चित्रपटासाठीचा 'कॅमेरा दोर' पुरस्कार मिळाला.

हे वाचलं तेव्हा मला दादासाहेब फाळके आठवले. गिरगावात परदेशी चित्रपट पाहिला, पडद्यावर येशू ख्रिस्ताचं चरित्र, आणि त्यांच्या मनात राम-कृष्ण उभे राहिले. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये लंडन गाठलं, तंत्र शिकून घेतलं, कॅमेऱ्याची खरेदी केली. ३ मे १९१३ रोजी गिरगावातच कॉरोनेशनमध्ये त्यांचा चित्रपट लागला. एकाने मूर्ती विकल्या, एकाने विमा गहाण टाकला, आणि दोघांनीही आणला तो कॅमेराच. परक्यांचा पडदा बघून चिडचिड करत बसायला दोघांनाही वेळ नव्हता.

आता आजच्याकडे येते. मुलांच्या फोनवर काय येतं ते ठरवणाऱ्या कंपन्या परदेशी आहेत, आणि तिथे रेडिओसारखं ३५ टक्के मोजायला कुणी बसलेलं नाही. कॅनडाने एप्रिल २०२३ मध्ये कायदा करून स्ट्रीमिंग कंपन्यांनाही प्रसारणाच्या चौकटीत आणलं. २०२४ मध्ये सीआरटीसीने मोठ्या कंपन्यांनी इथल्या उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम इथल्या निर्मितीसाठी द्यावी असं सांगितलं. कंपन्या कोर्टात गेल्या. बातम्यांसाठी वृत्तमाध्यमांना पैसे द्यायला लावणाऱ्या कायद्यावरून तर ऑगस्ट २०२३ पासून फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर कॅनडात बातम्याच दिसेनाशा झाल्या. त्याच महिन्यात वणव्यामुळे यलोनाइफ शहर रिकामं करावं लागलं. सुमारे वीस हजार माणसं गाड्या काढून निघालेली, आणि आग कुठवर आली याची बातमी एकमेकांना तिथे पाठवता येत नव्हती. आपलं ऐकण्या-बोलण्याचं साधन दुसऱ्याच्या हातात असलं की काय होतं, ते तेव्हा दिसलं.

सरकारने काय करावं यावर आपण चहाच्या टेबलावर भांडू. मला आपल्या घरातलं बोलायचं आहे. गेल्या गणेशोत्सवाची कार्यक्रमपत्रिका मी काढून पाहिली. सोळा कार्यक्रम. बहुतेक चित्रपटातल्या गाण्यांवरचे नाच, एक भारतातून बोलावलेल्या कलाकारांचा प्रयोग. इथे लिहिलेलं, इथल्या मुलांनी बसवलेलं फक्त एक प्रहसन, आणि ते रात्री साडेदहाला, अर्धा हॉल पार्किंगकडे निघाल्यावर. तो आपला बीव्हर अवर होता, आणि तो ठरवणाऱ्या समितीत मीही होते. मराठी चित्रपटाला चांगल्या वेळेचा खेळ मिळावा म्हणून २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारला मल्टिप्लेक्सवाल्यांना सांगावं लागलं, तेव्हा आपण इथे बसून रागावलो होतो. मग आपल्याच स्टेजवर आपण वेगळं काय केलं?

त्या प्रहसनातली मुलगी नंतर मला म्हणाली, "मावशी, आम्ही मराठी चुकीचं बोललो का?" चुकलं होतं, लिंगं उलटसुलट झाली होती. पण स्नो-डे, डबा, आजीचा व्हिडिओ कॉल, सगळं त्यात होतं आणि सगळं तिचं होतं. तयार गाण्यावर ती दहा वर्षं नाचली, तेव्हा एकदाही मराठीबद्दल प्रश्न विचारायला आली नव्हती.

म्हणून कार्यकारिणीपुढे मी एक ठराव ठेवला आहे आणि तुमचा पाठिंबा मागते आहे. येत्या गणेशोत्सवापासून रंगमंचाच्या वेळेपैकी ३५ टक्के वेळ इथे रचलेल्या, इथे बसवलेल्या मराठी कामाला राखून ठेवावा, आणि तो संध्याकाळी सहा ते आठ या भरल्या हॉलच्या वेळेत असावा. भारतातून पाहुणे यावेत, नाचही व्हावेत, त्यांना माझी ना नाही. मराठी शाळेच्या शिक्षिकांनी लिहायला मदत करायचं कबूल केलं आहे. आपल्यातल्या एका तरुणाने तळघरातला स्टुडिओ शनिवारी दुपारी मोकळा ठेवला आहे.

बाहेर चहाच्या टेबलाशेजारी अर्ज ठेवले आहेत. नाव, फोन, किती मिनिटं, आणि खाली चार चौकोन: चाल कुणाची, सादर कोण करणार, कुठे बसवलं, शब्द कुणाचे. दोन भरले तरी चालतील. आजींची ती टेप मी सीडीवर उतरवून आणली आहे, ती आता मध्यंतरात लावते. सुरुवातीला खरखर ऐकू येईल, तो पोळपाटाचा आवाज आहे.